दुसऱ्या बाजूचा नारळ

"प्रश्न सांगा, मास्तर," तातू गुरव म्हणाला. "देवाची आंघोळ झाली, पाकळ्यो भिजत घातल्यो. देव काय दिसभर वाट बघूचो नाय."

मी सभामंडपाच्या पायरीवर उभा होतो. एका काखेत बिस्किटांचा रिकामा डबा होता. त्याच्या झाकणाला मी छिन्नीने फट पाडून घेतली होती. दुसऱ्या काखेत मतपत्रिकांचा गठ्ठा. माझा अंदाज होता की चार-दोन वाचनालयाचे सभासद येतील, आणि वाट चुकून आलेला बाबल हॉटेलवाला. पण समोर अख्खं वेतोळे गाव आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून बसलं होतं. बायकांच्या केसांत अबोली होती. गाभाऱ्यात समया लागल्या होत्या.

"कसला प्रश्न?" मी विचारलं.

"आता ह्यां बरां! तुमीच लिवलात मां, देवळात गावाचो कौल घेतलो जायत म्हणान?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि डबा काखेतून सुटायचा राहिला.

मुंबईच्या एका विश्वशासन मंडळाने त्या वर्षी गावोगावच्या वाचनालयांना मतपत्रिका धाडल्या होत्या. सरहद्दीवरची लढाई होऊन वर्ष उलटून गेलं होतं. जगातली युद्धं थांबवायची तर सगळ्या देशांच्या वर एक संस्था हवी आणि तिच्या हाती खरे अधिकार हवेत, असं मंडळाचं म्हणणं होतं. लोकांना हे पटतं का, ते त्यांना मतं घेऊन सरकारपुढे ठेवायचं होतं. वाचनालय सांभाळायचो मी. गाव मला मास्तर म्हणे, पण मी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नाही. पुस्तक मागायला कुणी आलं तरी मी कपाटाकडे बघून बोलायचो. त्यामुळे जाहीर सूचना लिहिण्याचं काम आलं तेव्हा मला आनंदच झाला, कारण लिहिताना कुणी समोर नसतं. 'मतदान' हा शब्द मला फार रुक्ष वाटला. निवडणुका झाल्या की वर्तमानपत्रं 'जनतेचा कौल' असं लिहीत. मी तसंच झोकात लिहिलं, 'गावाचा कौल घेण्यात येईल.'

पण आमच्या भागात कौल एकच, देवाचा. ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, गुरवाने प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न जमवायचं असो की म्हैस हरवलेली असो, वेतोळ्यात याच्यावर अपील नव्हतं. मी त्याच गावात वाढलेला; पण वाचून वाचून माझ्या कानातला शब्द बदलला होता.

"मतदान आहे," मी पुटपुटलो. "चिठ्ठीवर खूण करून या डब्यात..."

"आमी काय डब्याक हात जोडूक आंघोळी केल्या?" बाबल म्हणाला आणि मंडप हसला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सुभेदार अर्जुन धुरी उठले. लढाईनंतर ते पेन्शनीत आले होते. गावातल्या पोरांना भरतीला घेऊन जाणारे तेच, आणि गेलेल्यांच्या ट्रंका घरी पोचवणारेही तेच. ते उठले की बोलणी आपोआप थांबत.

"तातू, थांब. आदी माका बोलूचा आसा. ह्या गावात दर दुसऱ्या घराक पलटणीची मनिऑर्डर येता. उद्या वरचो कोणतरी सरकार म्हणतलो, फौजा मोडा. मगे आमच्या पोरांनी काय करूचा? मास्तराच्या वाचनालयात जावन पुस्तकां खावची?"

"सुभेदारानू, वाळवी कोपतली," बाबल म्हणाला. "थंय तिचो मान पयलो."

यावेळी सुभेदारही हसले. मी हसलो नाही. सुभेदार म्हणत होते ते खरं होतं. घरी लिहून आणलेलं चार ओळींचं निवेदन माझ्या खिशात होतं. त्यातल्या एकाही ओळीत वेतोळ्याची चूल नव्हती.

"झाला हसून?"

हा आवाज खांबाजवळून आला. सगुणाकाकी उभी राहिली होती. तिचा थोरला गोपाळ त्याच लढाईत गेला होता. धाकटा दिगू तिच्या मागेच भिंतीला टेकून बसला होता. तो भरती झाला होता आणि सोमवारी निघणार होता.

"गोपाळाक भरतीक तुमी घेवन गेलात, सुभेदार. येताना तेची ट्रंक घेवन इलात. मी तुमका कधी काय बोललंय?"

"नाय, वयनी."

"दिगूक जाव नको म्हटलंय? नाय म्हटलंय. घराक पगार होयो. जातलो तो. पण तो जावच्या आदी ह्या गावान एकदा तोंडान सांगूक होया, का पोरांका असां मारूचां बरां नाय. दुसरी वाट असली तर ती धरूक होयी. होय तर होय म्हणा, नको तर नको म्हणा. पण दिगू आयकता हा तवसर म्हणा. तो गेल्यार माका तुमचो कौल नको."

दिगूने मान खाली घातली. सुभेदार हळूच खाली बसले.

"माझा काय म्हणणा नाय," तातू गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून म्हणाला. "मी कौल लावतंय. पण नारळ खंय?"

"कसलो नारळ?" कुणीतरी विचारलं.

"ह्यां विचारतास? कौल म्हणजे दोन बाजू. दोगांनीय नारळ ठेवन म्हणूक होया, कौल पडात तो माका मान्य. एकाचोच नारळ घेवन देवाक विचारलंय तर तो कौल न्हय, ती चुगली." त्याने परडी बाजूला सरकवली. "सांगा. बाजू कोणाच्यो?"

"एक आमची," बाबल म्हणाला.

"आणि दुसरी?"

"जेंच्यावांगडा लढाय झाली तेंची."

"ते खंय आसत?"

"बोलवणा धाडूया. एस.टी. सकाळची आसा."

पण आता कुणी फारसं हसलं नाही. बाबललाही ते कळलं असावं. तो टोपी काढून मांडीवर ठेवून बसला.

सगुणाकाकी पुढे झाली. घरून आणलेला नारळ तिने देवासमोर ठेवला. तो ती दिगूच्या नावाने आणला होता हे मला नंतर कळलं. "आमच्या बाजूचो ह्यो," ती म्हणाली. "कौल पडात तो मान्य. आता दुसऱ्या बाजूचो. तातू, माणूस हय नसलो तर तेच्या वतीन कोण ठेवता?"

"ठेवता. पण तेची तोंडओळख होयी. समोरासमोर बघलेलो होयो. सांगोवांगी चलना नाय."

तिने मागे वळून मंडपाकडे बघितलं. ती कुणाकडे बघते आहे ते सगळ्यांना कळत होतं, आणि सुभेदारांनाही.

"ह्या गावात तेंका समोरासमोर बघलेलो एकच आसा," ती म्हणाली.

सुभेदार धुरी मांडीवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मला वाटलं, ते उठून निघून जातील. आणि मनातल्या मनात मी तेच मागत होतो. मग आपलं सगळं मिटेल, मी डबा घेऊन घरी जाईन आणि मंडळाला कळवीन की गावात प्रतिसाद मिळाला नाही.

"वयनी, मी ह्या ठरावाच्या विरोधात आसंय," ते शेवटी म्हणाले.

"आसा मां. मी तुमचा मत मागूक नाय. नारळ मागतंय."

"मी तेंच्यावर गोळी झाडलेलो माणूस."

"म्हणानच. तेंची वळख आणि कोणाक?"

ते उठले. बाजूच्या बाईच्या ताटातला एक नारळ त्यांनी न विचारता उचलला आणि दोन्ही हातांत धरून गाभाऱ्यापर्यंत गेले. तिथे थांबले.

"नाव सांगा," तातू म्हणाला. "देवाक गाऱ्हाणा घालताना नाव घेवक होया."

"नाव विचारूक नाय मी."

"मगे तोंडओळख कसली?"

सुभेदारांनी नारळाची शेंडी देवाकडे वळवली. मग बोलायला लागले ते देवाकडे तोंड करून, आम्हा कुणाकडे न बघता.

"लढाय थांबल्यार दोन्ही बाजूंका आपापली मढी उचलूक दिलेली. कालव्याच्या काठार. आमी हयसून, ते थयसून. तेंचो पण सुभेदारच. मिशी पिकलेली. डाव्या हाताक पट्टी. स्ट्रेचराची दोरी बांधूक बघी, पण एका हातान गाठ बसा नाय. तेच्या माणसांका बोलवलेलां तेका आवडला नसता. मी गेलंय आणि गाठ बांधून दिलंय. तेणा माझ्याकडे बघल्यान. मी तेच्याकडे बघलंय. मगे तो तेचो पोर घेवन गेलो, मी माझो." ते थांबले. "माझो म्हणजे गोपाळ."

सगुणाकाकीने पदर तोंडाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. गोपाळला कुणी उचललं, हे तिला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

"होयत एवढी तोंडओळख?" सुभेदारांनी विचारलं.

"होयत," तातू म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "नाव काय म्हणू?"

"सुभेदार म्हण."

त्यांनी नारळ ठेवला. "थयल्या सुभेदाराच्या वतीन. कौल पडात तो मान्य." मग ते मागे सरकले, पण जागेवर जाऊन बसले नाहीत, खांबाला टेकून उभे राहिले.

तातूने पाकळ्यांची परडी ओढली. "चला. मास्तर, आता तरी प्रश्न सांगा."

मी मतपत्रिका डोळ्यांसमोर धरली आणि वाचली. "युद्धनिवारणार्थ आंतरराष्ट्रीय शासनसंस्थेस दृढतर अधिकार प्रदान करावेत, या मताशी आपण सहमत आहात काय?"

तातूने माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे. "ह्यां देवाक कळाचां नाय."

"माका पण कळूक नाय," बाबल म्हणाला, "आणि मी चौथी पास."

"मास्तर, तुमी सांगा. तुमच्या तोंडान."

मला बोलता येत नाही. आजही येत नाही. हे लिहितानाही मला शंका आहे की त्या सकाळचं मी काही धड सांगतो आहे की नाही. तेव्हा तर गावच्या बोलीत चारचौघांत बोलायची माझी सवयच मोडली होती. मी छापलेलं बोलत असे, आणि म्हणून कमी बोलत असे. मी खिशातलं निवेदन काढलं. त्यावरच्या शब्दांकडे पाहिलं. 'सामूहिक सुरक्षितता', 'सार्वभौमत्व'. मग समोर ठेवलेल्या दोन नारळांकडे माझी नजर गेली, आणि मी कागद परत खिशात घातला.

"तातू," मी म्हणालो, "वरच्या वाडीचो आणि खालच्या वाडीचो पालखीवरसून तंटो झालेलो. आठावता?"

"आठावता तर! कोयते निघालेले."

"मगे कोयते चललेले काय?"

"नाय. दोगांनी नारळ ठेवल्यानी. कौल लावलो."

"आणि कौल खालच्या वाडीन मानूक नसतो तर?"

"मानूक नाय म्हणजे? गाव उभो रवतो तेंच्यासमोर. बारा वाडयेंनी पाणी तोडल्यानी असतां."

"प्रश्न एवढोच आसा," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटत होता, पण तो थांबत नव्हता. "दोन देशांचो तंटो झालो, तर बंदुको काडूच्या आदी दोगांनी नारळ ठेवूचो. कौल पडात तो मानूचो. आणि जो मानूचो नाय, तेच्यासमोर बाकीच्या सगळ्या देशांनी उभ्या रवूचां. फौजा मोडूचां ह्याच्यात नाय, सुभेदार. उभ्या रवूक फौज लागतलीच. पण ती कोयते चलवूक न्हय, कोयते खाली ठेवक लावूक. असां करूचां काय? होय की नाय? एवढाच देवाक विचार."

मी एवढं सलग कधीच बोललो नव्हतो. सुभेदार माझ्याकडे रोखून बघत होते.

तातूने दोन पाकळ्या बोटांवर घेतल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. मग त्याने त्या पाकळ्या परत परडीत टाकल्या आणि पंच्याला हात पुसले.

"ह्यो कौल लागाचो नाय."

"कित्या?" चार-पाच जण एकदम ओरडले.

"अरे, मास्तर विचारता काय, की तंटो झाल्यार कौल घेवचो काय. कौल घेवचो काय म्हणान देवाक कौल लावतत काय? आमी सगळे जल्मभर मानत इलो, तां खरां की खोटां, ह्यां देवाक विचारूचां? देव आमच्या तोंडार हसतलो." तो उंबरा उतरून खाली आला आणि परडी मंडपाच्या मध्ये ठेवली. "देव तेचां सांगान बसलोहा कधीच. ह्यां आता तुमचां तुमी सांगा. मास्तराचां बरोबर आसा. ह्यो गावाचोच कौल."

मग मत घेतलं. मतपत्रिका निम्म्या लोकांना वाचता येईनात, आणि कुणासाठी मी खूण करायची म्हणजे त्याचं मत मला कळणार. तातूनेच तोड काढली. कोपऱ्यात धोतराचा आडपडदा लावला, आत दोन परड्या ठेवल्या, आणि देवाला न लागलेल्या पाकळ्या एकेकाला एकेक वाटल्या. होयसाठी उजवी, नाहीसाठी डावी. माझ्या बिस्किटांच्या डब्याचा उपयोग परडी उंच ठेवायला झाला.

सगुणाकाकी आत गेली आणि लगेच बाहेर आली. दिगूचं वय मताला पुरतं की नाही यावर बाबलने थोडा वाद घातला, शेवटी म्हणाला, "बंदूक धरूक चलता, तर पाकळी धरूक कित्या नको?" दिगू गेला. सुभेदार सगळ्यात शेवटी गेले आणि बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा मी नकळत त्यांच्या बोटांकडे बघितलं.

"काय बघतंस?" ते म्हणाले. "गुप्त मतदान मां?"

उजवी परडी भरली होती. डावीतही पाकळ्या होत्या, आणि त्याही मी सगळ्यांसमोर मोजल्या. तातूने मोठ्याने सांगितलं, "गावाचो कौल उजवो!" आणि सवयीने सगळ्यांचे हात जोडले गेले. सगुणाकाकीने दिगूच्या दंडाला धरून त्याला जवळ ओढलं. "आयकलंस?" ती म्हणाली. "आता जा."

मुंबईच्या मंडळाने आमची मतं धरली नाहीत. पाकळ्या त्यांच्या नियमांत बसत नव्हत्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

दोन नारळ मात्र तातूने फोडले नाहीत. तंटा मिटला की दोन्ही बाजूंनी मिळून फोडायचे आणि एकमेकांच्या हातावर ठेवायचे, अशी आमची रीत. हा तंटा काही मिटलेला नव्हता. तेव्हा ते गाभाऱ्याच्या बाहेरच्या कोनाड्यात राहिले. नारळ वर्षभरात आतून सुकतो. म्हणून दर जत्रेला सगुणाकाकी आपला नारळ बदलायची आणि सुभेदार थयल्या सुभेदाराचा. दोघं एकाच वेळी येत. बोलत नसत फारसं. सुभेदार नारळ कानाशी धरून पाणी वाजतं का ते बघून घेत, आणि एकदा दुकानदाराला म्हणाले, "बरो बघून दी. माझो न्हय तो, दुसऱ्याचो."

दिगू पुढच्या लढाईत होता. तो परत आला. सुभेदारांनंतर त्यांचा नारळ त्याच्याकडे आला, कारण आता तोंडओळख त्याची होती. सगुणाकाकी गेली तेव्हा तिचा नारळ तिची नात ठेवू लागली. ती शाळेत शिकवते, तिथे दोन नारळांची गोष्ट सांगते आणि मुलं तिला विचारतात, तंटा कधी मिटणार? ती म्हणते, नारळ तयार आहेत.

यंदाच्या जत्रेला दिगूने मला घरी बोलावून घेतलं. त्याचे गुडघे आता देवळाच्या पायऱ्या चढत नाहीत. मीही ऐंशीच्या पुढे आहे, पण चालतो.

"ह्यो तू ठेव," तो म्हणाला. त्याच्या मांडीवर सोललेला, शेंडी राखलेला नारळ होता.

"मी कसा ठेवणार? मी कुणाला पाहिलंय? सरहद्द सोड, मी बेळगावच्या पलीकडे गेलेलो नाही."

"मेल्या, जल्मभर पुस्तकां वाचलंस. तेंच्यात थयलो एक पण माणूस तुका गावलो नाय?"

मग मला एक म्हातारा आठवला. पलीकडल्या एका लेखकाची गोष्ट, कुणीतरी आपल्या भाषेत आणलेली. फार वर्षांपूर्वी वाचली होती. फाळणीत निघून गेलेल्या शेजाऱ्याच्या झाडाला तो रोज पाणी घालायचा. उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा त्याने स्वतःच्या झाडाचं पाणी तोडलं, शेजाऱ्याच्या नाही. त्या म्हाताऱ्याचा चेहरा मला दिगूच्या चेहऱ्याइतका स्वच्छ दिसत होता.

"गावलो," मी म्हणालो.

"नाव काय तेचा?"

"लेखकाने दिलं नव्हतं."

"मगे काय झाला? म्हातारो म्हण."

देवळात तातूचा नातू उभा होता. त्याने विचारलं, "तोंडओळख आसा मां, आजोबा?"

मंडप भरलेला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी नारळ कानाशी धरला, पाणी वाजवून पाहिलं आणि कोनाड्यात ठेवला.

"आसा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "थयल्या म्हाताऱ्याच्या वतीन. कौल पडात तो मान्य."